कळी पडेपर्यंत

आमच्या गावात देवीला विचारल्याशिवाय लग्न ठरत नसे, विहीर खणली जात नसे आणि नवी होडी पाण्यात उतरत नसे. एवढं मला मान्य होतं. मोठ्या कामाला मोठ्याला विचारावं, यात वावगं काही नाही. पण माझी आई मुलींना चुलत्याकडे हळदीकुंकवाला पाठवायचं झालं तरी देवीला विचारायची, आणि तिथून आमच्या घराची सगळी गोष्ट सुरू होते.

गाव काशीद आणि मुरुडच्या मधलं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरामागे नारळ-सुपारीची छोटी वाडी, पलीकडे भाताची खाचरं. वडील मुंबईला गिरणीत. ते शिमग्याला आणि गणपतीला यायचे, बाकी वर्षभर घरात आम्ही तिघी. आई, मी आणि माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असलेली बहीण. तिला सगळे धाकटी म्हणत, मीही इथे तेच म्हणते.

कौल लावायची आमच्याकडची रीत साधी होती. सुपारीच्या फुलोऱ्यातल्या दोन कोवळ्या कळ्या पाण्यात बुडवायच्या आणि देवीच्या पाषाणाला चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गुरव हात जोडून प्रश्न सांगायचा आणि मग सगळ्यांनी गप्प बसून वाट पाहायची. पाणी सुकत आलं की एखादी कळी सुटून खाली पडायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी लगेच पडे, कधी माणसं बसून बसून आंबून जात.

आई आधी अशी नव्हती, असं आजी-आत्या सांगायच्या. चांगली हसती-खेळती बाई होती म्हणे. मग पावसाळ्यात मुंबईहून रेवसला येणारी ती आगबोट बुडाली. आमच्या जिल्ह्यातल्या किती घरांतले पुरुष त्या बोटीवर होते ते या भागात कुणाला सांगायला लागत नाही. माझा मामा त्यात होता. अमावास्येला घरी येत होता. स्वातंत्र्य मिळालं ते त्याच पावसाळ्यात, पण आमच्या घरात त्या वर्षाला बोटीचं वर्ष म्हणत.

आईने मामाचं प्रेत पाहिलं नाही, ते मिळालंच नाही. तिने स्वतःची एक समजूत करून घेतली. "मी कौल लावला असता तर देवीनं सांगितलं असतं, येऊ नको म्हनून." मामा मुंबईत, आई इथे, देवी देवळात, कोण कुणाला कसं कळवणार होतं, हे मी एकदा विचारलं, तर पाठीत असा धपाटा बसला की पुढे मी तो विषय काढला नाही. तेव्हापासून आईने ठरवलं, आता विचारल्याशिवाय काही नाही. मुली समुद्रावर शिंपल्या गोळा करायला जाणार, विचार. मावशीकडे श्रीवर्धनला जायचं, विचार. शाळेची मुलं जत्रेला निघाली, विचार. गुरव भला माणूस होता, पण तोही टेकीला आला. एकदा मी ऐकलं, तो आईला म्हणत होता, "वैनी, देवीला बी जरा पाठ टेकू द्या."

आता मी कशी होते ते सांगते. मी निगरगट्ट होते. डावी कळी पडली की मी मुकाट मान हलवायची आणि आईची पाठ वळली की मागच्या कुंपणातून पसार. जत्रेत भेळ खायची, पाळण्यात बसायची, अंधार पडायच्या आत घरी. काही झालं नाही. एकदाही काही झालं नाही. त्यामुळे माझं आणि देवीचं बरं जमत असे. आईची भीती माझ्या अंगावरून पावसाच्या पाण्यासारखी निथळून जायची.

धाकटी वेगळी होती, आणि ती जन्मापासून वेगळी होती. पाळण्यात असताना बाहेर नारळ पडला तरी ती दचकून निळी होईपर्यंत रडायची. नवा माणूस दिसला की आईच्या पदराआड. कुणी रागावलं तर दोन दिवस घशाखाली घास उतरत नसे. वाईट पोर नव्हती, उलट माझ्याहून शंभर पटीने गुणी होती. फक्त तिला कातडी कमी दिली होती देवाने. अशा पोरीला काय हवं असतं हे मला आज ठाऊक आहे. तिला कुणीतरी रोज थोडं थोडं सांगायला हवं असतं की जा, काही होत नाही. आमच्या आईने तिला रोज सांगितलं की थांब, काय होईल सांगता येत नाही. कैरीत मीठ मुरावं तसं ते तिच्यात मुरलं.

वडिलांचा उपाय दुसऱ्या टोकाचा. ते आले की म्हणायचे, "माझ्या घरात ही भित्री भागूबाई कुठनं आली?" पाहुणे बसलेले असले की पाठीमागून दबकत यायचे आणि तिच्या कानाशी "भ्वॉ!" करून ओरडायचे. ती किंचाळायची, पाहुणे खो खो हसायचे. भीती मोडावी म्हणून ते करत होते, असं त्यांचं म्हणणं. एका गणपतीत तिची परकर-चोळी ओली झाली. पाहुणे तेव्हाही हसले. त्यानंतर वडील यायचे म्हटलं की आठवडाभर आधी तिचं पोट बिघडायला लागायचं. एकाने घाबरवायचं आणि दुसरीने कवटाळायचं, मधल्या मध्ये पोर हकनाक पिळून निघत होती.

ती आठ-नऊ वर्षांची असेल, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. सकाळी मी दात घासत अंगणात आले, तर ही तुळशीपुढे उभी. वृंदावनाच्या भिंतीला दोन कळ्या चिकटवलेल्या.

"काय इचारतेस गो?"

"शाळेत जाऊ का म्हनून."

मला हसू आलं. शाळेत जाऊ का, हा काय देवाला विचारायचा प्रश्न आहे? पण ती हसत नव्हती. उजवी कळी पडल्यावर तिने सुस्कारा सोडला आणि दप्तर उचललं. पुढे ते वाढत गेलं. विहिरीवर जाऊ का. नवा परकर घालू का. ताटातली भाकरी खाऊ का. कळ्या नसल्या तर तांदळाचे दाणे, दाणे नसले तर मनातल्या मनात, हा कावळा आधी उडाला तर जायचं, तो उडाला तर नाही. घरून शाळेपर्यंत जायला तिला माझ्या दुप्पट वेळ लागायला लागला. आईने हे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. शेजारणीला सांगत होती, "देवीची ओढ हाय पोरीला. मोठीला न्हाय, पन धाकटीला हाय." त्या वाक्याचा मला अजून राग येतो. आई मेली, तरी येतो.

आणि ही पोर हुशार होती. शाळेत एकच मास्तर होते, सगळ्या इयत्तांना मिळून, आणि ते म्हणायचे, हिच्यासारखं गणित तालुक्यात कुणाचं नाही. त्या काळी सातवीची परीक्षा पास झालं की शिक्षकाची नोकरी मिळण्याची वाट खुली होत असे. मास्तरांनी तिच्या मनात ते पेरलं. धाकटीला पहिल्यांदा कशाची तरी भीती न वाटता ओढ वाटत होती. ती दुपारी वाडीत जायची, गळून पडलेल्या सुपाऱ्या ओळीने मांडायची आणि त्यांना शिकवायची. सुपाऱ्यांना रागवायची सुद्धा. घरात कुणाशी मान वर करून न बोलणारी पोर तिथे खणखणीत आवाजात बेरीज-वजाबाकी घ्यायची. मी झाडाआडून ऐकायची. वाटायचं, हिला एकदा इथून बाहेर काढली पाहिजे. मास्तरीण झाली की ही सुटेल.

परीक्षा मुरुडला. आईने महिनाभर आधी देवळात कौल लावला आणि उजवी पडली. मी मनात म्हटलं, सुटलो. मास्तर चार मुलांना घेऊन पहाटे बैलगाडीने निघणार होते, गाडी आमच्या दारावरूनच जाणार होती. धाकटीने न्हाऊन वेणी घातली, दौत-टाक रुमालात बांधले. आई मागच्या दारी दळत बसली होती. मी धाकटीसाठी भाकरी बांधत होते. सगळं नीट चाललं होतं.

गाडीची घुंगरं ऐकू आली म्हणून मी बाहेर आले, तर ती तुळशीपुढे उभी. भिंतीला दोन कळ्या.

"अगो, देवीनं हो म्हटलंय ना! आता काय?"

"ते देवळातलं. आजचं इचारते."

गाडी दारात येऊन थांबली. मास्तरांनी हाक मारली. कळ्या काही पडेनात. रात्रीचं दव होतं, भिंत ओली होती, पाणी सुकणार कुठून? मी तिचा दंड धरून ओढलं, तर तिने वृंदावनाला अशी मिठी मारली की माझ्या हातात तिच्या बांगड्यांचे तुकडे आले. मास्तर गाडीतून उतरले, समजूत घातली, मग रागावले, मग पुन्हा समजूत घातली. बाकीच्या मुलांची वेळ होत होती. शेवटी ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मी हळू हाकायला सांगतो. वळणापर्यंत आली तर घेईन." गाडी हलली.

आवाज ऐकून आई आली. पिठाचे हात तसेच. तिने लांब चाललेली गाडी पाहिली, मग तुळशीपुढची पोर पाहिली, मग भिंतीवरच्या कळ्या. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी तोवर पाहिलं नव्हतं. आठ-दहा वर्षं जे पेरलं ते एकदम उगवून समोर उभं राहिलेलं तिला दिसलं असावं. ती पुढे झाली आणि ज्या बाईने देवीला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडला नव्हता तिने हात पुढे करून बोटाने उजवी कळी पाडली.

"बघ, उजवी पडली! पळ पोरी, पळ!"

धाकटीने कळीकडे पाहिलं नाही. तिने आईच्या हाताकडे पाहिलं. त्या बोटाला पीठ होतं आणि कळी होती तिथे भिंतीवर पांढरा डाग उमटला होता. ती खाली बसली. गाडी वळणावर थोडा वेळ थांबलेली दिसत होती. मग दिसेनाशी झाली.

त्या दिवशी ती जी आत गेली ती पावसाळा येऊन संपेपर्यंत बाहेर आली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. खाऊ घातलं तर दोन घास, नाही तर तेही नाही. वेणी घालू देत नसे. रडत नव्हती, हेच भयंकर होतं. रडली असती तर बरं वाटलं असतं. अंगारा झाला, दृष्ट काढून झाली, भगत येऊन कोंबडं घेऊन गेला. गावात कुणी म्हणालं परीक्षेचा धसका, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. वडील गणपतीला आले, दारात उभे राहून म्हणाले, "नाटकं हायत सगळी. दोन ठेवून दिल्या की उठंल." पण ठेवून दिल्या नाहीत. तिच्या पायाच्या काटक्या झालेल्या पाहून ते बाहेर जाऊन बसले, आणि त्या वर्षी ते कुणाच्या पाठीमागून येऊन ओरडले नाहीत. मुरुडच्या डॉक्टरने छाती-पोट तपासलं आणि शरीरात काही दोष नाही म्हणून टॉनिकची बाटली दिली. बारा वर्षांच्या पोरीचं मन आजारी पडू शकतं, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नसावं. आम्हाला तर त्यासाठी शब्दच नव्हता.

दसऱ्याच्या सुमारास एके दुपारी मी तिच्या केसांतल्या जटा सोडवत होते. ती एकदम म्हणाली, "ताय, आता देवी आयेला नेनार."

"का?"

"आयेनं कळी पाडली ना. माज्यासाठी पाडली."

म्हणजे हे होतं आत, इतके महिने. परीक्षा नव्हती, बाहेरचं नव्हतं. आईने तिला मोकळं करायला हात उचलला आणि पोरीने त्याचा अर्थ लावला की आईने तिच्यापायी स्वतःचं मरण ओढवून घेतलं. तिचा स्वभावच तसा. तिच्या हातात प्रेमाचं काही ठेवलं तरी ती आधी त्याचा काटा शोधायची. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली नव्हती, ती कान देऊन पडली होती. आई चालतेय का, खोकतेय का, श्वास घेतेय का.

मी आईला सांगितलं. आई चुलीपुढे बसली होती. तिने चुलीतली लाकडं मागे ओढली. मग उठली, आत गेली, धाकटीच्या अंथरुणाशी वाकली आणि म्हणाली, "मी हाय गो."

दुसऱ्या सकाळी पुन्हा. "मी हाय गो." तिसऱ्या सकाळी पुन्हा. उठल्याबरोबर, तोंड धुवायच्या आधी. देवळात जाणं तिने बंद केलं. कौल लावायचा तो त्यानंतर तिने कधीच लावला नाही. मामाच्या नावाने धरलेली सगळी भीती तिने गिळली आणि बाहेर दिसू दिली नाही. त्या बाईला ते किती जड गेलं असेल याचा विचार करते तेव्हा माझा राग थोडा खाली बसतो, सगळा नाही. दिवाळीनंतर धाकटी उठून बसली. मग अंगणात आली. मग पाणी भरायला लागली. आम्हाला वाटलं, आईने पोर परत आणली.

मास्तर एकदा विचारून गेले, पुढच्या वर्षी बसवू का परीक्षेला. धाकटीने मान हलवली, नाही. वाडीत सुपाऱ्या गळून पडायच्या, ती गोळा करायची, सोलायची. मांडायची मात्र नाही.

माझं लग्न झालं, मी शेजारच्याच गावात गेले. धाकटीला स्थळं आली. दिसायला चांगली, कामाला वाघीण, पण प्रत्येक वेळी ती आजारी पडायची. सासरी गेलं तर सकाळी आई दिसणार कशी? हे ती बोलली नाही, पण घरात सगळ्यांना कळत होतं. वडील गिरणीतून घरी आले ते कायमचे, तेही गप्प बसले. वर्षं गेली. रोज सकाळी आई म्हणायची "मी हाय गो" आणि दिवस सुरू व्हायचा. चाळिशी ओलांडलेली आई पन्नाशीची झाली, धाकटी पोरीची बाई झाली.

साठ सालानंतरची गोष्ट. सुपारीच्या हंगामात आईला ताप आला आणि चार-सहा दिवसांत ती गेली. देवीचा काही संबंध नव्हता, तापाने गेली. मी धावत आले. सगळ्यांचे डोळे धाकटीवर. आता ही पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, नाही तर विहिरीत उडी टाकणार, असं जो तो मनात धरून होता. तिने काहीच केलं नाही. आल्यागेल्याचं पाणी पाहिलं, दिवा सांभाळला. दुपारी आडवी झाली ती गाढ झोपली. इतकी वर्षं जरा खुट्ट झालं की जागी होणारी ही, पण बाहेर बायका गळा काढून रडत होत्या तरी हलली नाही.

उठल्यावर मी तिला वाडीत घेऊन गेले. म्हटलं, "बोल काय तरी."

"काय बोलू? मला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

"नेनार ते. आये रोज सकाळी सांगायची, मी हाय. मी म्हनायची, बरं, आज न्हाय. मंग उद्या." तिने खालची एक सुपारी उचलली, पदराला पुसली. "आता उद्या न्हाय. आता झोप येते."

आम्ही सगळे समजत होतो की आई तिला रोज एक दिवस देते आहे. तिच्या लेखी आई रोज एक दिवस कमी होत होती. मला तिथेच ओरडावंसं वाटलं. आईवर, वडिलांवर, देवीवर, त्या बोटीवर. ओरडून काय उपयोग होता?

दहाव्याला आमच्याकडे बायका खाडीवर जात नाहीत. धाकटी निघाली, तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून सोबतीला मी. वाळूत पिंड ठेवला. कावळे समोर सुरूच्या झाडावर बसले होते, खाली येईनात. वडील हात जोडून म्हणाले, "धाकटीला अंतर देनार न्हाय." कावळा आला नाही. "जलमभर सांभाळीन." नाही आला. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, पुरुषांनी आंघोळी केल्या आणि सगळे घरी निघाले. धाकटी जागची हलली नाही.

"अजून शिवला न्हाय, ताय."

मी तिच्याजवळ उभी राहिले. तुळशीपुढची ती सकाळ मला आठवत होती आणि तिलाही आठवत असणार. भरती लागली होती. पाणी हळूहळू वर येत गेलं, पिंडाच्या भोवती फिरलं, मागे गेलं, पुन्हा आलं आणि पिंड घेऊन गेलं. कावळे बसले होते तिथेच बसून राहिले. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. धाकटी त्या रिकाम्या वाळूकडे बघत राहिली. मग वळली आणि चालायला लागली, इतकी भराभर की मला मागे राहावं लागलं.

घरी आल्यावर ती नेहमीसारखी तुळशीपुढे थांबली नाही. तिकडे नजरही न टाकता तिने अंगण ओलांडलं, ओटी ओलांडली. लहानपणापासून पहिल्यांदा ती कुणाला न विचारता दारातून आत गेली, आणि मागच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "आये, आले गो मी!"

मग तिच्या लक्षात आलं. ती आईच्या जात्याजवळ जाऊन खाली बसली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मी तिला गप्प केलं नाही.